राक्षसाचा अपराध

“...मगे युद्ध. राक्षस मरता. राजपुत्र मणी घेवन घराक जाता, बापाशीक दिसाक लागता, लगीन, आरती. संपला,” असं म्हणून नानांनी पानाचा डबा उघडला.

मी गालावर काळा रंग ओढत होतो. हात थांबवला आणि म्हटलं, “नानानू, सगळा समाजला. पण मी केलंय काय?”

“म्हंजे?”

“माका मारतत कित्या? मी कोणाची बायल पळवलंय? कोणाचो यज्ञ मोडलंय? तुमच्या गोष्टीत मी काय एक वायट करूक नाय.”

जेवायला बसलेल्या माणसाने भात कशाला खायचा असं विचारावं, तसं नानांनी माझ्याकडे बघितलं. “राक्षस हस मरे तू,” ते म्हणाले, “आनी काय करूक व्हया?”

सगळा रंगपट हसला. मीही हसलो. दुपार होती, कुडाळच्या एका सभागृहात दशावताराचा महोत्सव होता आणि आमचा प्रयोग तासाभराने सुरू व्हायचा होता.

ज्यांनी दशावतार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लिहिलेलं नाटक नसतं. रंग लावता लावता मालक गोष्ट सांगतो. कोणी कुठून यायचं, कोणी कोणाला मारायचं, शेवटी कोणाचं लग्न, एवढंच. बोलायचं काय ते ज्याचं त्याने, लोकांसमोर, उभ्या उभ्या. आणि युद्धाच्या आधी राजा आणि राक्षस यांचा वाद होतो. तलवार नंतर, तोंड आधी. वादात राजाने राक्षसाला गप्प केलं की मगच त्याला मारायचं, नाहीतर लोक उठून जातात.

त्या दिवशीची गोष्ट नानांच्या डोक्यातली होती, पुराणात कुठे शोधायला जाऊ नका. एक राजा आंधळा होतो. त्याला दृष्टी देणारा मणी तिमिरासुर नावाच्या राक्षसाच्या बेटावर असतो. राजपुत्र रत्नशेखर वाटसरूचं रूप घेऊन तिथे जातो, राक्षसाच्याच घरी उतरतो, त्याच्या मुलीला लग्नाचं वचन देतो आणि तिच्याकडून राक्षसाचा प्राण कुठे आहे ते काढून घेतो. प्राण असतो डबीतल्या एका भुंग्यात. भुंगा चिरडला की राक्षस मेला.

नानांनी आदल्या दिवशी सांगितलं तेव्हा सुरुवातीला आणखी एक प्रवेश होता. तिमिरासुर आख्खं गाव जाळतो. पण महोत्सववाल्यांनी दोन तासांची अट घातली, आणि सभागृहवाले आत काडी पेटवू देईनात. नानांनी तो प्रवेशच उडवला. आग गेली, पण आगीबरोबर माझा गुन्हाही गेला, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण मारणार मलाच होते.

मी गुणाजी आरोलकर. नाना वालावलकरांच्या कंपनीत जन्मभर राक्षस केला. चेहराच देवाने तसा दिला होता, वर आवाज. आमच्या गावात मुलं जेवत नसली की त्यांच्या आया माझं नाव घेत.

पण त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. सकाळी टेम्पोत सामान लावताना बाबी पेटीवाला जवळ सरकला होता.

“गुणाजी, तुका म्हायत आसा?”

“काय?”

“नाना कंपनी शिवदासाक देतत. कार्तिकापासून.”

“बरा आसा. पोरगो चांगलो.”

“पोरगो चांगलो,” बाबी पेटीच्या भात्यावर फडकं मारत म्हणाला. “त्येनी मालवणचो एक पोरगो बघून ठेवल्यान हा. राक्षसाक.”

मी दोरीची गाठ मारली. सुटली. परत मारली.

शिवदास केळुसकर आमचा राजा; गोष्टीत राजा असो की राजपुत्र, मुकुटाचं काम त्याचंच. त्याला कंपनीत मी आणला होता. कंपनी कार्तिकात निघते आणि पावसात बंद असते, तेव्हा तो माझ्याच पडवीत राहायचा. राजाने पाऊल कसं टाकायचं, सिंहासन म्हणून ठेवलेल्या बाकड्यावर बसताना शेला कसा सोडायचा, सगळं तिथे शिकला. वादात राक्षस कुठे अडकतो, त्याची दुखरी जागा कुठली, तेही मीच त्याला दाखवलं. माझी बायको त्याला तिखट सोसत नाही म्हणून कालवणात मिरची कमी घालायची, आणि मी चरफडत जेवायचो. तो मला मामा म्हणायचा.

आणि कार्तिकापासून मला काढणार होता. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? काढायचं तर काढ. पण तोंडाने सांग की, बाबा, तुझं हे चुकलं, म्हणून काढतो. बाबी पेटीवाल्याच्या तोंडून कशाला?

रंगपटात तो माझ्या शेजारीच आरसा घेऊन बसला होता.

“मामानू, काजळ आसा?”

मी डबी दिली. “कार्तिकात पयलो प्रयोग खंय?”

तो आरशातच बघत राहिला. “बघूया,” म्हणाला. डबी परत देताना माझ्या हातात न देता मधल्या पेटाऱ्यावर ठेवली.

मग नाना मुकुट घेऊन आले. आमच्या कंपनीची एक रीत होती. राजाच्या डोक्यावर मुकुट नानाच ठेवत, आणि एकदा ठेवला की खेळ संपेपर्यंत राजाने त्याला हात लावायचा नाही. लोकांसमोर ज्याने आपल्या हाताने मुकुट उतरवला, त्याच्या डोक्यावर तो पुन्हा चढत नसे. शिवदासच्या आधीचा राजा एकदा जत्रेत शब्द सुचेना म्हणून चिडून मुकुट बाकड्यावर ठेवून निघून गेला. तो उरलेला जन्म आमच्यात प्रधान झाला. शिवदासने मान वाकवली, नानांनी मुकुट ठेवला, पुटपुटले काहीतरी, आणि खेळ सुरू झाला.

पहिल्या रांगेत तीन परीक्षक बसले होते. त्यांच्या मागे गच्च माणसं, कारण फुकट होतं आणि पंखे होते.

आता मी काय करणार? राक्षस एरवी आला की गर्जना करतो, कोणाला तरी लाथ घालतो. पण लाथ घालायला गोष्टीत माणूसच नव्हता. वाटसरू मुकुटावरून घोंगडी ओढून आला तो थेट जेवायच्या वेळेला. मी म्हटलं, “पांथस्था, या बेटावर वारासुद्धा माझी आज्ञा घेऊन येतो. पण तू भुकेला दिसतोस. भुकेल्याला आम्ही असुर नाव विचारत नाही. आधी जेव.”

लोक हसले. बरं वाटलं. मग मी त्याला वाढलं, वारा घातला, झोपायला स्वतःचं बाकडं दिलं. मुलीचं काम आमचा रवी करायचा, त्याची वेणी घातली आणि म्हटलं, “तुझी आई असती तर घट्ट घातली असती, माझ्या बोटांना नखंच फार.” सभागृहात कोणीतरी नाक ओढलं. सरळ चाललं होतं. मला जेवढं दिलं होतं तेवढंच मी करत होतो.

मग मी बाकड्यावर झोपलो आणि शिवदास रवीला लाडीगोडी लावायला लागला. “प्रिये, जो माझा श्वशुर होणार, त्याचा प्राण कुठे आहे ते मला नको का ठाऊक असायला? मी जपेन त्याला.” शिवदास फार छान बोलला, मी डोळे मिटून ऐकत होतो. रवी पदराशी चाळा करत घुटमळला, तेवढ्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

“अगो बाये, सांगू नको त्येका!”

आख्खं सभागृह खदखदलं. रवीने सांगितलं, सांगावं लागणारच होतं. पण हवा फिरली ती तिथे.

युद्धाला उभे राहिलो तेव्हा शिवदासच्या डाव्या हातात डबी होती, उजव्यात तलवार.

“तिमिरासुरा, तुझा काळ जवळ आला!”

“आला असेल,” मी म्हटलं. “पण मारण्याआधी, राजपुत्रा, माझा अपराध सांग.”

प्रश्न तोच, रंगपटातला. नानांकडे ज्याचं उत्तर नव्हतं ते शिवदासकडे कुठून असणार? पण तो कसलेला होता, थांबला नाही.

“अपराध? तू असुर आहेस, हाच तुझा अपराध!”

“जन्म मी मागून घेतला नव्हता. तूही घेतला नसशील.”

“तू मातला आहेस! सज्जनांना पीडा देतोस!”

“कोणत्या सज्जनांना? नाव सांग. या बेटावर आलेला सज्जन तू एकटाच.”

हशा. शिवदासने आवाज चढवला. “तो मणी तू दडवून ठेवलास! माझे पिताश्री तिकडे अंधारात चाचपडत आहेत आणि तू...”

“मणी माझ्या पित्याचा आहे. तू मागितलास? एकदा तरी?” मी पुढे सरकलो. “माझ्या घरी जेवलास. माझ्या मुलीला वचन दिलंस. माझा प्राण कुठे आहे तो विचारून घेतलास. मणी तेवढा मागितला नाहीस.”

टाळ्या पडल्या त्या कितीतरी वेळ थांबेनात. जन्मभरात राक्षसाला अशा टाळ्या मी ऐकल्या नव्हत्या. मागून कोणीतरी ओरडला, “सांग रे राजा, काय केल्यान ता! सांग मरे!”

शिवदासच्या कपाळावरून घामाचा ओघळ निघाला आणि रंगातून वाट काढत नाकापर्यंत आला. पखवाजवाल्याने वेळ काढायला बोल सुरू केले. आम्ही तलवारी उगारून एकमेकांभोवती फिरायला लागलो. फिरताना लोकांकडे पाठ झाली की दोन शब्द बोलता येतात.

“मामानू, सोडा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “आवरा आता.”

“आधी सांग.”

“काय सांगू?”

“माझो अपराध. कार्तिकात माका घेवचस नाय, ता कित्या?”

तो चपापला. एक फेरी पुरी झाली. दुसऱ्या फेरीला पाठ वळली तेव्हा म्हणाला, “तुमचे गुडघे, मामानू. तुमका आता उडी मारूक जमणा नाय.”

सकाळपासून मला उत्तर हवं होतं. आता मिळालं, आणि ते खरं होतं. माझे गुडघे बाकड्यावर चढतानाच कुरकुरायचे, राक्षसाने बाकड्यावरून मारायची उडी तर दोन हंगाम मी मारलीच नव्हती, नुसता उतरत होतो.

फेर थांबला. आम्ही समोरासमोर उभे राहिलो. पखवाज थांबला. लोक वाट बघत होते. परीक्षकांनी पेनं वर केली. मग शिवदासने तलवार खाली ठेवली, आणि त्याचा हात हळूहळू मुकुटाकडे गेला.

विंगेत नाना उभे होते. चुन्याचं बोट तोंडाशी नेलेलं, तसंच राहिलेलं.

मी ते सगळं बघितलं. मुकुट उतरला असता तर शिवदास संपला होता. कार्तिकात ना त्याची कंपनी निघाली असती, ना मालवणचा पोरगा आला असता. नानांनी कुरकुरत आणखी काही वर्षं ओढली असती आणि मी त्यांचा राक्षस राहिलो असतो, गुडघ्यांसकट. मला काही करायचं नव्हतं. फक्त गप्प उभं राहायचं होतं.

त्याची बोटं मुकुटाच्या कडेला लागली.

मी हसलो. राक्षसाचं हसू, पोटातून येणारं, जे त्या दिवशी तोवर मी काढलंच नव्हतं. पुढच्या रांगेतलं एक मूल रडायला लागलं.

“थांब! मुकुटाला हात लावू नकोस! तुला माझा अपराध सांगता येत नाही, कारण तो तुला ठाऊकच नाही. तो झाला तेव्हा तू पाळण्यात होतास. तुझा पिता जन्मांध नाही, रत्नशेखरा. त्याचे डोळे मी काढले! या हातांनी! त्याच डोळ्यांचं तेज त्या मण्यात आहे.”

मी बाकड्यावर चढलो आणि दोन्ही पंजे लोकांना दाखवले.

“मणी माझ्या पित्याचा म्हणालो ना? खोटं बोललो. राक्षसच ना मी! आणि तुला जेवू का घातलं? दया आली म्हणून? अरे, आंधळ्याचा पोर माझ्या दारात हात पसरून जेवतो, ते मला बघायचं होतं. तुला वाढताना मला काय गोड वाटत होतं, मूर्खा!”

हे शेवटचं बोलताना माझा आवाज थोडा चिरकला. राक्षसाचा चिरकू नये.

मग तोच मागचा आवाज उठला, “मार मेल्याक!” आणि बायकांच्या बाजूने, तीच बाई, “बरा झाला सांगितलंस गो बाये!”

शिवदासचा हात मुकुटावरून खाली आला. त्याचे डोळे भरले होते. परीक्षकांना वाटलं असेल, बापाच्या दुःखाने. “नराधमा!” तो ओरडला, आणि असा ओरडला की माझ्याही अंगावर काटा आला. भुंगा म्हणजे काळी रंगवलेली सुपारी होती, ती त्याने टाचेखाली घेतली, आणि मी बाकड्यावरून कोसळलो. राक्षसाने अर्धवट पडायचं नसतं. अख्खा पडलो. डावा गुडघा तेव्हापासून नीट वळत नाही.

डोळे मिटून पडलो होतो. आता राजा मुलीचा हात धरून निघून जाणार, मग पडदा. पण पावलं दूर जाण्याऐवजी जवळ आली, आणि माझ्या दोन्ही पायांना कोणाचे तरी हात लागले. ओले हात. राजा कधी मेलेल्या राक्षसाच्या पाया पडत नाही. पखवाजवाल्याचा एक ठेका चुकला. मग पावलं गेली.

उत्कृष्ट राजाचं बक्षीस शिवदासला मिळालं. परीक्षकांपैकी एक गृहस्थ चहाचा कप घेऊन रंगपटात आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “आरोलकर, अर्ध्यापर्यंत तुमचा राक्षस काय सुंदर चालला होता हो! माणूस वाटत होता. शेवटी मात्र नेहमीसारखा दुष्टच निघाला. ऐनवेळी कच खाल्लीत.”

“होय साहेब,” मी म्हटलं. “वेळ संपत आली होती.”

नाना पानाचा डबा घेऊन आले. त्यांनी स्वतःच्या हाताने पान लावलं आणि माझ्या तोंडात घातलं. असं त्यांनी कोणासाठी केलेलं मी पाहिलं नव्हतं.

शिवदास खोबरेल तेलाने तोंडाचा रंग काढत बसला होता. बराच वेळ एकच गाल पुसत होता.

“मामानू, ता तुमका सुचला कसा?”

“राक्षस हंय मरे मी,” मी म्हटलं. “आनी काय करूक व्हया?”

तो हसायला गेला, पण जमलं नाही. “मामानू, कार्तिकात...”

“आधी रंग काढ,” मी म्हटलं. “सुकलो की निघणा नाय.”

कार्तिक आला. शिवदासच्या नावाची नवी पाटी टेम्पोवर लागली, मालवणचा पोरगा आला. पहिल्या प्रयोगाआधी शिवदास आमच्याकडे येऊन गेला. बायकोने भात आणि बांगड्याचं कालवण वाढलं, मिरची कमी घालून. मग सरळच विचारलं, “ह्यांका नेतलंस काय रे?” शिवदासचा हात भातात थांबला. तिने आणखी भात वाढला आणि पुन्हा विचारलं नाही. तो गेल्यावर मात्र ती मागीलदारी जाऊन बराच वेळ भांडी आपटत होती. मलाही वाईट वाटलं. वाटायचंच.

त्यानंतर मी दशावताराला फिरकलो नाही. जत्रेला गेलो तरी देवाला नारळ ठेवून घरी यायचो. पण गेल्या वर्षी कुडाळला पुतण्याकडे होतो, आणि त्याच सभागृहात शिवदासच्या कंपनीचा खेळ होता, तोच, तिमिरासुराचा. पुतण्याने तिकीट काढलं. हो, आता तिकीट असतं.

खेळाला आता सुरुवातीचा प्रवेश आहे. तिमिरासुर धूर आणि लाल दिव्यांत येतो आणि पाळण्याशेजारी उभ्या राजाचे डोळे काढतो. फार भीतीदायक केलंय. त्यामुळे पुढे वादात राक्षस काही विचारत नाही, विचारायला काही उरतच नाही. मालवणचा पोरगा चाळिशी ओलांडलेला दिसला, पण बाकड्यावरून अशी उडी मारली की माझ्या तोंडून “वा!” निघून गेलं. मी तरुणपणीही तशी मारली नव्हती. शिवदासचं पोट सुटलंय. आवाज तसाच आहे.

भुंगा चिरडला गेला, राक्षस पडला. मी उठायला काठी शोधत होतो. तेवढ्यात शिवदासने तलवार बाजूला ठेवली, एक हात बाकड्यावर टेकला, कण्हत गुडघ्यांवर बसला आणि राक्षसाच्या दोन्ही पायांना हात लावून ते हात डोळ्यांना लावले. पखवाजवाल्याने तेवढ्यापुरता एक ठेका सोडला, मुद्दाम सोडल्यासारखा. लोक शांत बसले होते, कोणाला काही नवल वाटलं नाही.

शेजारी एक तरुण मोबाईलवर चित्रण करत होता. मी त्याला विचारलं, “राजा राक्षसाच्या पायां पडता? ह्या नवीन खंयचा?”

“नवीन नाय, आजोबानू. ह्येंच्या कंपनीची रीत आसा ती. पयल्यापासूनची.”

“पण कित्या?”

“कोणाक म्हायत?” मोबाईल खाली न करता तो म्हणाला. “तुमी ह्यो खेळ कधी बघूक नाय काय?”

“बघलंय मा,” मी म्हटलं. “पण समोरसून नाय.”